गर्भारपण आणि रक्ताची गुठळी
(मंडळाच्या नांदेड व लातूर येथील कुटुंबमेळाव्यांत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधू-वरांचा परिचय होतो, दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली जाते. अशा मंगल मेळाव्यात आजाराचा, त्यातही गर्भवतीच्या आजाराचा विषय आम्ही काढावा हे काही ज्येष्ठांना रुचले नव्हते. तथापि ज्या सभेत आपण मुलींची लग्ने जुळवितो, त्याच सभेत त्या मुलींच्या जिवाविषयी चार शब्द बोलले जावेत, असे आम्हांस वाटते. आमचे आयुष्य नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय व्यवसायात गेले. त्या अनुभवाच्या व वाचनाच्या आधारे हे बोलणे आहे. संपादकांच्या आग्रहावरून ते आता लिहून देत आहोत.

विषय आहे रक्ताच्या गुठळीचा. जखम झाली असता रक्त गोठते म्हणून आपण जगतो, परंतु तेच रक्त शरीराच्या आत, वाहत्या शिरेत गोठले तर प्राणावर बेतते. फिर्को नावाच्या जर्मन वैद्याने १८५६ साली याची जी मीमांसा केली ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवली जाते. रक्ताची गती मंदावणे, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, या तीन गोष्टी गुठळीच्या मुळाशी असतात. आता गर्भवतीचा विचार करा. वाढते गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर दाब देते, त्यामुळे पायांतील रक्त वर चढताना रेंगाळते, विशेषतः डाव्या पायातील. प्रसूतीच्या वेळी शिरांना इजा होते. आणि निसर्गानेच, बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन माता दगावू नये म्हणून, गर्भारपणात रक्त गोठविणारी द्रव्ये वाढवून ठेवलेली असतात. तिन्ही गोष्टी एकाच देहात एकत्र येतात. त्यामुळे गर्भवतीला गुठळीचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रीपेक्षा चार-पाच पट अधिक असतो, आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो. हे प्रमाण निरोगी स्त्रीचे आहे. शिरांचा विकार जिला आधीपासूनच आहे, तिची गोष्ट याहून गंभीर.

अशा विकारांपैकी एकाचे उदाहरण आम्ही आज घेणार आहोत. त्याचे नाव बड-कियारी विकार. जॉर्ज बड या इंग्रज वैद्याने १८४५ साली आणि हान्स कियारी या प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून दोघांची नावे त्याला चिकटली. यकृतातून बाहेर पडून हृदयाकडे जाणारे रक्त ज्या तीन मोठ्या शिरांतून वाहते त्या शिरा, किंवा त्या जिला मिळतात ती महानीला, गुठळीने वा पडद्याने बंद होते. ओढ्याचे तोंड बुजले की पाणी शेतात पसरावे, तसे यकृत रक्ताने फुगते, पोटात पाणी साठते, अन्ननलिकेच्या शिरा सुजून कधी फुटतात आणि रक्ताची उलटी होते. विकार दुर्मिळ आहे. तथापि तो तरुण वयात, म्हणजे संसाराच्या ऐन उमेदीत गाठतो, आणि म्हणूनच त्याचा गर्भारपणाशी संबंध येतो.

आपल्या भागात त्याची पहिली अडचण ही की तो ओळखला जात नाही. पोटात पाणी झाले की जलोदर म्हणून मोकळे व्हावयाचे. पुरुष असेल तर दारूवर आणि स्त्री असेल तर क्षयावर बोट ठेवावयाचे, ही सर्वसाधारण रीत. क्षयाची औषधे महिनोन् महिने चालतात. कित्येकदा मंत्र-तंत्र, उतारे, कावीळ उतरविणाऱ्याकडील पाला असे सर्व होऊन गेलेले असते. गर्भवतीच्या बाबतीत तर मोठ्या पोटाकडे कोणी संशयाने पाहतच नाही. "दिवस भरत आले" असे म्हणून सारे स्वस्थ. वस्तुतः यकृताच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी ही सुईसुद्धा न टोचता होणारी तपासणी आहे आणि ती आता आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी होऊ शकते. प्रश्न यंत्राचा नाही. प्रश्न असा की अशी तपासणी करावी हे कोणाच्या तरी मनात येते की नाही. तरुण माणसाच्या पोटात पाणी झाले, उजव्या कुशीत दुखते, यकृत वाढले आहे आणि कारण सापडत नाही, तर "यकृताच्या शिरा पाहिल्या का?" हा एक प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारावा. कोणताही सुज्ञ डॉक्टर त्याने रागावणार नाही.

हा विकार होतो कशामुळे? मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी पश्चिम भारतातील बड-कियारीच्या ५३ रुग्णांचे रक्त तपासून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे चौथाई रुग्णांत 'फॅक्टर पाच लायडेन' नावाचा आनुवंशिक दोष आढळला. हॉलंडमधील लायडेन या गावच्या शास्त्रज्ञांनी तो १९९४ साली शोधला म्हणून त्याला गावाचे नाव. काही रुग्णांत रक्त पातळ राखणारी जी प्रथिने शरीरात असतात, ज्यांना प्रोटीन सी, प्रोटीन एस व अँटिथ्रॉम्बिन म्हणतात, त्यांची उणीव होती. याखेरीज अस्थिमज्जेत रक्तपेशी अवाजवी प्रमाणात तयार होणे, किंवा शरीराने स्वतःविरुद्धच प्रतिद्रव्ये निर्माण करणे, ही कारणेही असतात. यांतील शेवटच्या प्रकारात गुठळ्या होतात आणि गर्भही वारंवार पडतात. घरात एखाद्या सुनेचे तीन-तीन गर्भ गेले की तिच्या पत्रिकेचा दोष काढला जातो. तिच्या रक्ताची तपासणी मात्र होत नाही. ती व्हावयास हवी, कारण या प्रकारात अल्प मात्रेत ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने दिली असता पुष्कळ स्त्रियांची मुले जगतात.

आनुवंशिकतेचा उल्लेख आला म्हणून येथे थोडे थांबतो, कारण ज्ञातिसंस्थेचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. एका पालकात असा एक दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. "आमच्या घराण्यात असे काही नव्हते, सुनेने आणले" हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले असेल! ज्याच्यात दोष असतो अशा बहुसंख्य माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही, तेव्हा घराण्यात नव्हते असे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरे असे की मराठवाड्यात मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा अनेक कुटुंबांत चालत आली आहे. नातेसंबंध घट्ट राहतात, मुलगी ओळखीच्या घरात पडते, हे तिचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु एकाच आजोबांकडून तोच दोष दोन्ही बाजूंना आलेला असेल, तर प्रत्येक बाळाला तो दुप्पट मिळण्याची शक्यता चारात एक होते, आणि प्रोटीन सी सारख्या द्रव्याच्या बाबतीत असे बाळ जन्मतःच गंभीर अवस्थेत असू शकते. ज्या कुटुंबात चाळिशीच्या आत पायात, मेंदूत वा यकृतात गुठळी झाल्याचा इतिहास आहे त्यांनी तरी जवळच्या नात्यात सोयरीक करण्यापूर्वी रक्तरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणि सोयरीक जुळविताना आजार लपवावा की सांगावा? वधू-वर सूचक मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न आमच्यापुढे आडून आडून आलेला आहे. आमचे मत स्पष्ट आहे. सांगावा. पोटावर रोज इंजेक्शन घ्यावे लागणारी सून आपला आजार सासरी किती दिवस लपविणार? लपविण्यासाठी ती औषध टाळते, आणि औषध टाळले की गुठळी होते. इतका सरळ हा हिशेब आहे. सांगितल्याने एखादे स्थळ मोडते, हे खरे; पण सांगूनही जे स्थळ टिकते तेच तिच्या औषधाची वेळ सांभाळते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. असा विकार असलेल्या मुलीला आई होता येते काय? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुष्कळ डॉक्टर सरसकट "नको" म्हणत. आज उत्तर इतके सरसकट राहिलेले नाही. फ्रान्समधील यकृततज्ज्ञांनी २००९ साली अशा १६ स्त्रियांच्या २४ गर्भारपणांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या सर्वजणींचा विकार आधी ओळखला गेलेला होता, उपचार झालेले होते. सात गर्भ वीस आठवड्यांच्या आत गेले. उरलेल्या सतरांपैकी एक बाळ मृत जन्मले, सोळा बाळे चांगली राहिली, मात्र बहुतेक अपुऱ्या दिवसांची होती. आणि सोळाही माता जिवंत राहिल्या. मुंबईतील यकृततज्ज्ञांनीही २०१८ साली आपल्या रुग्णांच्या गर्भारपणांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला आहे; त्यांत आजार उघड होण्यापूर्वीची गर्भारपणे आणि उपचारांनंतरची गर्भारपणे अशा दोहोंचा विचार आहे.

या आकड्यांतून कोणी खोटी आशा घेऊ नये आणि खोटी निराशाही घेऊ नये. सोळा माता वाचल्या त्या उपचार झालेल्या होत्या, हे विसरता कामा नये. ज्या यकृताला आज सूज आहे, पोटात पाणी आहे, अशा अवस्थेत दिवस जाऊ देणे म्हणजे पुरात नाव घालणे होय. आधी बंद शीर फुग्याने वा जाळीच्या नळीने उघडावी लागते, किंवा यकृतातून रक्ताला नवी वाट करून द्यावी लागते. अन्ननलिकेच्या सुजलेल्या शिरा दुर्बिणीने पाहून, गरज तर रबरी कड्यांनी बांधून टाकाव्या लागतात, कारण गर्भारपणात त्या अधिक फुगतात. मग काही काळ प्रकृती स्थिर राहिली, म्हणजे यकृततज्ज्ञ, रक्तरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या तिघांनी मिळून अनुमती द्यावयाची. लग्नाला वर्ष झाले, पाळणा का हलत नाही, असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या एका वाक्यातील "काही काळ" हे शब्द कृपा करून ध्यानात ठेवावेत.

औषधांची गोष्ट मोठी रंजक आहे आणि आपणा शेतकरी समाजाला ती जवळची वाटेल. १९२०च्या दशकात कॅनडा व अमेरिकेतील गुरे आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली, खच्ची केले की रक्त थांबतच नसे. कारण निघाले बुरशी आलेला गवती चारा. त्या चाऱ्यातील द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांनी वेगळे केले आणि त्याच मालिकेतून पुढे वॉरफरिन जन्मले. ते १९४८ साली प्रथम उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले व १९५०च्या दशकात माणसासाठी वापरले जाऊ लागले. आज सहस्रावधी रुग्ण गुठळी टाळण्यासाठी ही गोळी घेतात. परंतु वॉरफरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत ते घेतले गेले तर बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीत व्यंग येऊ शकते, आणि नंतरच्या काळातही बाळाच्या मेंदूत रक्तस्रावाचे भय असते. नव्या गोळ्याही, ज्यांची रक्तचाचणी वारंवार करावी लागत नाही म्हणून त्या लोकप्रिय झाल्या आहेत, गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात वर्ज्य आहेत.

मग उरते हेपॅरिन. १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाच्या एका विद्यार्थ्याने कुत्र्याच्या यकृतातून प्रथम असे द्रव्य काढले, आणि यकृताला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याला नाव मिळाले. यकृताच्या विकाराला यकृताच्याच नावाचे औषध, हा निव्वळ योगायोग. हेपॅरिनचे रेणू मोठे असल्यामुळे ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. त्याचा जो सुधारित, लहान रेणूंचा प्रकार आहे तो पोटाच्या कातडीखाली दिवसातून एकदा वा दोनदा टोचावयाचा असतो. मात्रा वजनावर ठरते आणि दिवस वाढतात तशी ती पुन्हा पाहावी लागते. तेव्हा वॉरफरिन घेणाऱ्या स्त्रीने पाळी चुकताच, दुसऱ्या महिन्याची वाट न पाहता, तपासणी करून घ्यावी आणि सहावा आठवडा लागण्यापूर्वी इंजेक्शनावर यावे. मात्र मनाने गोळी बंद करून घरी बसू नये. "बाळाला बाधेल" म्हणून गोळी सोडली आणि इंजेक्शनही सुरू केले नाही, असे मधले दिवस फार धोक्याचे असतात.

आमच्या व्याख्यानानंतर लातूरला एका वृद्ध भगिनीने बाजूला बोलावून विचारले, "हे इंजेक्शन कशापासून करतात हो?" प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर आम्ही आडपडदा न ठेवता दिले. हेपॅरिन हे डुकराच्या आतड्यापासून काढलेले असते. आपल्यातील पुष्कळ घरे शाकाहारी आहेत, व्रतस्थ आहेत. ज्यांना हे कळून धक्का बसेल त्यांनी तो डॉक्टरांपुढे बोलून दाखवावा. काही विशेष प्रसंगी संपूर्ण कृत्रिम असे एक पर्यायी औषध आहे, पण गर्भारपणातील त्याचा अनुभव तुलनेने कमी, म्हणून डॉक्टर ते सहसा प्रथम निवडीत नाहीत. आपद्धर्म म्हणून आपल्या पूर्वजांनी एक शब्द ठेवून दिलेला आहे. औषधाला हा शब्द लागू करण्यास आम्हांस तरी संकोच वाटत नाही. त्या भगिनीचे समाधान झाले की नाही हे ठाऊक नाही, पण नातीचे इंजेक्शन चालू राहिले.

इंजेक्शन घरी टोचता येते. गर्भवतीने स्वतः, नवऱ्याने किंवा सासूने ते शिकून घ्यावे. मधुमेही माणसे नाहीत का रोज टोचून घेत? नाभीपासून दोन बोटे दूर, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, आणि टोचल्यावर चोळावयाचे नाही. थोडा काळा-निळा डाग पडतो, त्याला भिऊ नये. औषध गोठवू नये, उन्हात ठेवू नये. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या घरात खिडकीजवळ ठेवलेले इंजेक्शन कितपत गुणकारी राहील हे सांगणे नको. घरातील सर्वांत थंड जागा कोणती ती शोधावी आणि खोक्यावर काय लिहिले आहे ते औषधवाल्याकडून वाचून घ्यावे. दीर्घ काळ हेपॅरिन चालले असता हाडे किंचित विरळ होतात, म्हणून कॅल्शियम चुकवू नये; आणि क्वचित रक्तातील बिंबाणू कमी होतात, म्हणून सांगितलेल्या दिवशी रक्त तपासावे.

आता आमच्या अनुभवात सर्वांत अधिक घात जेथे होतो त्या जागेकडे येतो. ती जागा म्हणजे माहेर आणि सासर यांमधील रस्ता. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी मुखेडहून उदगीरला, निलंग्याहून कंधारला निघते. सासरच्यांना वाटते, आता जबाबदारी माहेरची. माहेरच्यांना वाटते, औषधे सासरच्या डॉक्टरांची, ती बरोबर दिलीच असतील. या दोहोंमध्ये इंजेक्शनाचा खंड पडतो, आणि नेमका शेवटच्या तीन महिन्यांत. शिवाय नव्या गावच्या डॉक्टरांपुढे मुलगी कोऱ्या हातांनी उभी राहते. जुने कागद सासरी कपाटात, कारण "तिकडे नवीन कागद करतीलच". म्हणून आमची विनंती अशी की ओटीच्या सामानाआधी कागदांची पिशवी भरावी. आजाराचे नाव, शिरेत जाळी बसविली असल्यास त्याचा कागद, औषधाचे नाव, मात्रा, शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, आणि मूळच्या तज्ज्ञांचा दूरध्वनी, एवढे एका पानावर मराठीत व इंग्रजीत लिहिलेले असावे. ते पान मुलीजवळ, नवऱ्याजवळ आणि माहेरच्या एका जबाबदार माणसाजवळ, असे तिघांकडे असावे. आणि अशा मुलीने रीत म्हणून माहेरी जावेच का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या गावी तिचे तज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळाचा कक्ष आहे तेच गाव तिचे माहेर समजावे, आणि आईने तेथे येऊन राहावे.

प्रवासाविषयी एक गोष्ट. नांदेडहून मुंबईला तपोवन एक्सप्रेसने जाणे म्हणजे दिवसाचे दहा-बारा तास बसून राहणे. गर्भवतीने, विशेषतः अशा विकारात, तास-दीड तासाने उठून डब्यात चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत, लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. खिडकीची जागा नव्हे, तर वाटेकडची जागा मागून घ्यावी.

प्रसूतीची वेळ शक्यतो ठरवून घ्यावी लागते. पूर्ण मात्रेचे इंजेक्शन घेतल्यापासून चोवीस तास लोटल्याखेरीज पाठीतील भूल देत नाहीत, कारण मणक्यात रक्तस्राव होण्याचे भय असते. म्हणून कळा सुरू झाल्या की पुढचे इंजेक्शन न घेता तडक रुग्णालय गाठावे आणि शेवटचे कधी घेतले ते न विचारता सांगावे. प्रसूतीनंतर रक्तस्राव आटोक्यात आहे असे पाहून डॉक्टर ते काही तासांतच पुन्हा सुरू करतात. स्तनपान चालू असता वॉरफरिन चालते, दुधातून ते बाळाला बाधत नाही. हे न कळल्यामुळे कोणी औषध सोडते, तर कोणी दूध तोडते.

बाळंतिणीच्या खोलीकडे आता वळतो. सव्वा महिन्याची विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेलाचे मालीश, हे सर्व चांगले आहे आणि परदेशी बायकांना हेवा वाटावा असे आहे. परंतु दारे-खिडक्या लावून, बाजेखाली शेगडी ठेवून, "पाणी दिले तर पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल" म्हणून तिला घोट-घोट पाणी मोजून द्यावयाचे, आणि खाली पाय टेकू द्यावयाचा नाही, हा प्रकार गुठळीला आमंत्रण देणारा आहे. घामाने देहातील पाणी जाते, रक्त दाट होते, पाय हलत नाहीत. फिर्कोने सांगितलेले सारे पुन्हा एका खोलीत जमते. मदुराईच्या श्रीनिवासन यांनी १९८३ साली गर्भारपणात व बाळंतपणात मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या काळी मेंदूच्या शिरांतील गुठळी हा भारतात प्रामुख्याने बाळंतिणींचा आजार मानला जाई. हैदराबादच्या निजाम वैद्यकीय संस्थेतील तज्ज्ञांनी २०१२ साली अशा ४२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा चित्र पालटलेले होते. रुग्णांत पुरुष निम्म्याहून अधिक होते आणि बाळंतिणी सुमारे दहांत एक. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली, पाणी मिळू लागले, याचाही त्यात वाटा असावा असा आमचा तर्क आहे. परंतु दहांत एक म्हणजे शून्य नव्हे, आणि नांदेडचे कित्येक रुग्ण आजही त्याच हैदराबादला जातात.

लक्षणे घरातील प्रत्येक वृद्ध स्त्रीला पाठ असावीत. बाळंतपणानंतर दिवसेंदिवस वाढत जाणारी, कधी न दुखलेल्या प्रकारची डोकेदुखी, दिसणे अंधुक होणे, झटका येणे, एक बाजू लुळी पडणे, एकच पाय, बहुधा डावा, सुजणे व पोटरी दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त येणे, पोट पुन्हा फुगू लागणे. झटका आलेल्या बाळंतिणीला "बाहेरचे झाले" म्हणून अंगारा लावीत रात्र काढलेली घरे आम्ही पाहिली आहेत. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून नांदेडला पोहोचावयास आधीच वेळ लागतो, त्यात ही रात्र वाया जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. अंगारा गाडीत बसल्यावरही लावता येतो.

आमच्या तरुणपणी गंभीर रुग्णाला हैदराबाद, मुंबई किंवा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, याशिवाय गती नव्हती. आता लातूरला १९६६ पासून विवेकानंद रुग्णालय आहे, नांदेडला १९८८ पासून व लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईचे आहेच. शासकीय रुग्णालयात बाळंतपण व त्यासाठीची औषधे २०११च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे विनामूल्य आहेत. शीर उघडण्याची शस्त्रक्रिया वा यकृताचे मोठे उपचार मात्र मुंबई-हैदराबादसारख्या मोठ्या शहरांत करावे लागतात. तेथे महात्मा फुले योजनेत आपला उपचार बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे, बिल झाल्यावर नव्हे. इंजेक्शनांचा खर्च नऊ महिने व पुढे निदान सहा आठवडे चालतो, आणि तो सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही. मंडळाचा शिक्षणनिधी आहे तसा याकरिता एखादा लहान निधी काढावा, आणि वसतिगृहाच्या तळमजल्यावरील दोन खोल्या उन्हाळी सुटीपुरत्या नव्हे तर वर्षभर, दूरगावच्या अशा गर्भवतींसाठी व त्यांच्या आईसाठी राखाव्यात, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.

शेवटी एक विषय, जो पुरुषांच्या सभेत कोणी काढीत नाही. गौरी-महालक्ष्मी आल्या, घरात लग्न निघाले, तीर्थयात्रा ठरली, की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. या गोळ्यांतील संप्रेरकाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पाळणा लांबविण्याच्या नेहमीच्या गोळ्यांतही तेच द्रव्य असते. जिला स्वतःला किंवा जिच्या आई-बहिणीला गुठळी झाली आहे, तिने या दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पाळणा लांबवावयाचा तर तांबी बसविता येते. आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी सुनेला अडचण आलीच, तर नैवेद्याचे ताट जावेने किंवा घरातील पुरुषाने उचलावे. नांदेडच्या सभेत हे वाक्य ऐकून मागच्या रांगेतील पुरुषमंडळी हसली होती, आणि पुढच्या रांगेतील स्त्रियांनी टाळ्या वाजविल्या होत्या.